टाकीतला ऊस

कुणाचा पगार विचारणं आता असभ्य समजलं जातं. वय विचारलं तर लोक नाराज होतात. पण नव्या गाडीचं ॲव्हरेज विचारायला आपल्याकडे ओळखसुद्धा लागत नाही. सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवाला काच खाली करायला लावून विचारतो. स्मशानातून परतताना कुणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर चौघे दाटीवाटीने बसतात, दोन मिनिटं शांततेत जातात आणि मग त्यातला एक जण घसा खाकरून म्हणतो, "ही किती देते हो?"

उत्तर कधीच खरं नसतं. धादांत खोटंही नसतं. "हायवेला बावीस देते," असं म्हणतात. सांगणारा राहतो सिंहगड रोडला, ऑफिसला जातो हिंजवडीला, आणि ॲव्हरेज मात्र हायवेचं सांगतो. त्यातही उतार, एसी बंद, गाडीत एकटा माणूस आणि तोही उपाशी, असा एखादा दिवस त्याच्या आयुष्यात कधीतरी उगवलेला असतो. तो दिवस तो जपून ठेवतो.

अधिकृत आकड्याची गोष्ट आणखी मजेची. जाहिरातीतल्या बारीक अक्षरांत 'एआरएआय प्रमाणित' असं लिहिलेलं असतं. ही ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया पुण्यात, कोथरूडच्या बाजूला वेताळ टेकडीवर आहे. तिथे प्रयोगशाळेत गाडी रोलरवर पळते. पुढे रिक्षा नाही, मागून पीएमपीची बस नाही, आणि शेजारच्या सीटवरून "तो ट्रक बघितलास ना?" असं विचारणारं कुणी नाही. अशा तपोभूमीत जन्मलेला आकडा टेकडी उतरून पौड फाट्यावर आला की गळायला लागतो.

तर मुळातच कुणाला धड माहीत नसलेल्या या आकड्यातून सहा टक्के चोरीला गेले, अशी २०२५ साली देशभर बोंब उठली. चोर म्हणून ज्याचं नाव पुढे आलं ते इथेनॉल.

इथेनॉल काही रात्रीतून आलं नव्हतं. २००१ साली पेट्रोलमध्ये ते मिसळून बघण्याचे पहिले प्रयोग झाले, तेव्हाच्या तीन ठिकाणांपैकी दोन आपली होती, मिरज आणि मनमाड. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिसळायचं ठरलं. ठरलं म्हणजे ठरलं एवढंच. २०१४ पर्यंत प्रत्यक्षात गाडी दीड टक्क्यावरच खेळत होती. मग कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबला. जून २०२२ मध्ये दहा टक्के झाले, तेही ठरलेल्या मुदतीच्या पाच महिने आधी. वीस टक्क्यांसाठी २०३० साल धरलं होतं, ते अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये गाठलंही. माझा अंदाज असा आहे की लोक इथेनॉलमुळे बिथरले नाहीत, यामुळे बिथरले. दहा-दहा वर्षं उड्डाणपुलाचे खांब बघत मोठे झालेले आपण. सरकारी उद्दिष्ट पाच वर्षं आधी पूर्ण झालं म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणारच.

या बोंबेचा एक फायदा कुणी मोजलेला नाही. गाडीबरोबर मिळणारं माहितीपुस्तक भारतीय माणसाने प्रथमच उघडून वाचलं. एरवी ते डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसीची जुनी प्रमाणपत्रं, टोलच्या पावत्या आणि देवस्थानाच्या अंगाऱ्याची पुडी यांच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीतसुद्धा न फाडलेल्या अवस्थेत पडलेलं असतं. त्या पावसाळ्यात मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी लोक ते पुस्तक घेऊन उभे राहिलेले मी पाहिले. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे मालक निवांत होते, कारण त्या वीस टक्के इथेनॉल सोसेल अशा साहित्याच्या बनवलेल्या. आधीच्या गाड्यांच्या पुस्तकात मात्र दहा टक्क्यांपर्यंत चालेल असं छापलेलं. सरकार म्हणत होतं, वीसनेही काही होत नाही. पुस्तकावर विश्वास ठेवावा की सरकारवर, हा प्रश्न आपल्याकडे प्रथमच इतक्या गंभीरपणे आणि इतक्या कमी उजेडात चर्चिला गेला.

खरं तर हिशेब सातवीतल्या मुलाला जमेल इतका आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. टाकीत त्याचा वाटा वीस टक्के. वीसचा एक तृतीयांश काढा, साडेसहा-सातच्या आसपास येतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही तेच लिहिलेलं आहे: मुळात साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल, दुचाकीचं तीन ते चार, आणि वीस टक्क्यांसाठी नीट जुळवून दिलेल्या गाडीचं एखाद-दोन टक्केच. म्हणजे पंधरा देणारी जुनी गाडी चौदा देईल. एवढंच. पण आमच्या सोसायटीत "पंधराची नऊवर आली" असं सांगणारे दोघे आहेत. त्यातल्या एकाच्या चारही टायरमधली हवा मी स्वतः डोळ्यांनी बघितलेली आहे. म्हणजे नसलेली हवा.

सरकारचं म्हणणं, ॲव्हरेजचं काय घेऊन बसलात, ऑक्टेन बघा. हे खरं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८ च्या वर, त्यामुळे मिश्रणाचा ९१ वरून ९५ वर गेला. इंजिनात ठोके कमी, ज्वलन चांगलं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड कमी. मात्र या वाढीव ऑक्टेनचा फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनालाच उचलता येतो. माझ्या जुन्या गाडीला तो देणं म्हणजे मैफिलीत झोपणाऱ्याला पहिल्या रांगेचं तिकीट. ती तेव्हाही घोरत होती, आताही घोरते.

सगळ्यात सुखी झाला तो आमचा मेकॅनिक. पूर्वी त्याला दर आजारासाठी वेगळं कारण शोधावं लागे: "पेट्रोलमध्ये कचरा असणार", "मागच्याने ऑइल चुकीचं टाकलं", "मॅडम क्लचवर पाय ठेवून चालवतात का?" शेवटच्या कारणामुळे तर काही घरांत वादळं झाली. आता एकच शब्द पुरतो. गाडी सकाळी उठत नाही? इथेनॉल. धक्के देते? इथेनॉल. मी वायपर बदलायला गेलो होतो, त्याने काचेकडे बघून इतक्या खेदाने मान हलवली की मीच घाईघाईने म्हणालो, "इथेनॉल का?" तो म्हणाला, "तसं डायरेक नाही म्हणता येणार."

त्याच्या सगळ्याच बोलण्यात दम नाही असं नाही. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, गास्केटं, पंपातले रबरी भाग इथेनॉलने लवकर कडक पडतात किंवा फुगतात, आणि ते बदलावे लागतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जरा पाणी आलं तर ते पोटात घालून जळूनही जातं, पण पाणी फार झालं की इथेनॉल पेट्रोलशी फारकत घेतं आणि पाण्याला घेऊन टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळाचंच उपसते. रोज धावणाऱ्या गाडीला याची फारशी भीती नाही, कारण पेट्रोल तिच्यात मुक्कामालाच राहत नाही. धोका आहे तो बाबांच्या स्कूटरला, जी पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हर घालून "भावना आहेत" म्हणून उभी असते आणि दसऱ्याला हार घालण्यापुरती बाहेर निघते.

यानंतर पैशाचा प्रश्न. "अहो, कमी चालतं तर स्वस्त तरी द्या!" हे म्हणणं इतकं रास्त आहे की त्याचं उत्तर कुणालाच आवडत नाही. इथेनॉलच स्वस्त नाही. २०२४-२५ च्या हंगामात उसाच्या रसापासून केलेल्या इथेनॉलला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे भाव होता, मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे. शुद्धीकरण कारखान्यातून कर न लागता बाहेर पडणारं पेट्रोल तेव्हा त्याहून स्वस्त पडत होतं, हे सरकारनेच सांगितलं. म्हणजे महागातला पदार्थ घातला, तो कमी ताकदीचा निघाला आणि भाव शंभरीच्या वर होता तिथेच राहिला. बिनइथेनॉलच्या पेट्रोलचाही पर्याय ठेवा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, ती १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली. काही पंपांवर शंभर ऑक्टेनचं, इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळतं म्हणा. त्याचा भाव ऐकल्यावर इथेनॉलबद्दल आपुलकी वाटू लागते.

ब्राझीलमध्ये हा तमाशा पन्नास वर्षांपूर्वी सुरू झाला. तेलाचे भाव भडकल्यावर १९७५ साली त्यांनी उसाच्या इथेनॉलचा कार्यक्रम काढला, १९७९ मध्ये फक्त इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ रस्त्यावर आणली. लोकांनी धडाधड इथेनॉलच्या गाड्या घेतल्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी साखरेचा भाव वाढला, कारखाने साखरेकडे वळले आणि पंपांवरून इथेनॉलच गायब झालं. त्या अद्दलीनंतर २००३ पासून तिथे दोन्ही चालणाऱ्या गाड्या आल्या. आता ब्राझीलचा माणूस पंपावर पाटी बघतो, इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तर ते भरतो, नाहीतर पेट्रोल. आपल्याकडे पंपावर करायचा हिशेब म्हणजे शंभरऐवजी एकशे दहाचं मारलं तर काटा मारता येत नाही, हा. बाकी "झिरो बघा साहेब" म्हटल्यावर झिरो बघायचा.

एवढं सगळं मी गाडीवाल्याच्या बाजूने सांगतोय, आणि महाराष्ट्रात नुसता गाडीवाला असणं शक्य नसतं. पुण्यात गाडी असते आणि गावाकडे कुणाचा तरी ऊस असतो. आमच्याकडे तो मामेभावाचा, सांगली जिल्ह्यातला. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवताना सहज म्हणालो, "दादा, तुझ्या उसाने माझ्या गाडीचं ॲव्हरेज घालवलं बघ."

दादाने वाढपी थांबवला. "तुझं पेट्रोल कुठनं येतंय? अरबाकडनं. माझा ऊस कुठनं जातोय? ह्या बांधावरनं. मग पैसा कुणाला द्यायचा, मला का अरबाला?" मी काही बोलायच्या आत तो मांडवाकडे हात करून म्हणाला, "ह्यो मांडव, ती लायटिंग, तुझ्या ताटातली जिलेबी, समदं इथेनॉलचं हाय. खा गप."

त्यात तथ्य होतं. साखरेचं दुखणं असं की ती गोदामात पडून राहते. तिचा किमान विक्रीदर २०१९ साली किलोला ३१ रुपये ठरला आणि नंतर कित्येक वर्षं हलला नाही; उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, मात्र वाढत वाढत २०२५-२६ साठी टनाला ३,५५० रुपये झाली. नियमाने ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल मिळायला हवं. हे चौदा दिवस पूर्वी कधी कधी पुढच्या दिवाळीपर्यंत ताणले जात. इथेनॉल तेल कंपन्या ठरल्या भावाने उचलतात, कारखान्याच्या हातात पैसा खेळतो आणि बिल निघतं. परकीय चलनाचं म्हणाल तर २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून जास्त वाचले, असा सरकारचा हिशेब आहे. माझ्या पंधरातला एक किलोमीटर देशासाठी गेला म्हणायला हरकत नव्हती.

पण दादाच्या शेजारी नवऱ्या मुलाचे काका बसले होते. लातूरचे, निवृत्त गणित शिक्षक, घरची सोयाबीनची शेती. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते म्हणाले, "व्याही, एक शंका विचारू का?"

वधूपित्याला वरपक्षाच्या शंकेला नाही म्हणता येत नाही.

"उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी लागतं, असं नीती आयोगाच्याच अहवालात आहे," गुरुजी म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं, लग्नपत्रिका उलटी केली. "२०१६ च्या एप्रिलात तुमच्या मिरजेहून आमच्या लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. गावभर पेढे वाटायचे बाकी होते. आता पाच लाखाला २,८६० ने भागा." भागाकार त्यांनीच केला. "१७५ लिटर इथेनॉल. वीस टक्क्यांनी मिसळलं तर ८७५ लिटर पेट्रोल होईल. पस्तीस लिटरची टाकी धरा. पंचवीस गाड्या." त्यांनी चष्म्यावरून बाहेर बघितलं. "एका रेल्वेगाडीत पंचवीस गाड्या. या कार्यालयाच्या पार्किंगमध्येच त्याहून जास्त असतील."

पंक्तीत कुणी काही बोललं नाही. मीही माझी गाडी कुठे लावली आहे ते आठवून गप्प बसलो.

दादाने जिलेबी पुढे केली. "पाव्हणं, तुमचं बरोबरच हाय. पर मळीला कोण पाणी पाजतंय? ऊस साखरंसाठी लावलेला. साखर काढल्यावर खाली ऱ्हायलं ते इथेनॉलला. त्याचं पाणी साखरंच्या खात्यावर मांडा की."

"मळीचं मान्य," गुरुजी म्हणाले. "पण मळीच्या इथेनॉलला ५७ रुपये ९७ पैसे आणि थेट रसाच्या इथेनॉलला साडेपासष्टच्या वर, हा भाव कशाला ठेवलाय मग? कारखान्याने साखरच करू नये म्हणूनच ना?"

इथे दादाच्या मदतीला नवरीचे मामा धावले असते, पण ते निघाले पोल्ट्रीवाले. "ऊस-ऊस काय करताय?" ते भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाले. "डिसेंबर २०२३ ला साखर कमी पडंल म्हणून सरकारनं रसाचं इथेनॉल बंद केलं. मग कारखानदारांनी आरडाओरडा केल्यावर थोडं सोडलं. तवापास्नं सगळा भार मक्यावर. आता निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्याचं हाय, उसाचं न्हाई. माझ्या कोंबड्यांचा मका ह्यांच्या पुण्याच्या गाड्या खायाला लागल्या!" हे बोलताना ते माझ्याकडे का बघत होते ते मला कळलं नाही. मी त्यांच्या पोल्ट्रीची अंडीसुद्धा खात नाही.

मामांचं दुखणं खोटं नव्हतं. २०२४ साली मक्याचा भाव हमीभावाच्या वर गेला आणि कोंबडीखाद्यासाठी म्यानमार, युक्रेनहून मका आणावा लागला. परदेशी तेल वाचवायला देशी मका गाडीत घातला आणि देशी कोंबडीला परदेशी मका घातला. परराष्ट्र धोरण म्हणून यात खोट काढता येणार नाही. प्रत्येकाला काहीतरी इम्पोर्टेड मिळालं.

"तुमचा मका गेला तरी भाव मिळाला कुणाला तरी," गुरुजी म्हणाले. "आमचं काय? मक्याचं इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो त्यात प्रथिनं भरपूर. तो स्वस्तात खाद्याला जातो. म्हणजे आमच्या सोयापेंडीला गिऱ्हाईक कमी. २०२४ च्या हंगामात क्विंटलला हमीभाव ४,८९२ आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. तुम्ही ऊसवाले, ते कोंबडीवाले, हे गाडीवाले. या सगळ्यात सोयाबीनचा काही संबंध होता का? तरी फटका आम्हालाच."

"चोथा तुम्हीच घेता ना हो?" गुरुजींनी मामांना विचारलं.

मामांनी मठ्ठा मागवला.

आता दादाची अवस्था मोठी अवघड झाली होती. मुलगी दिलेल्या घराची सोयाबीन त्याच्या इथेनॉलने पाडली, सासुरवाडीच्या कोंबड्या उपाशी ठेवल्या आणि आतेभावाचं ॲव्हरेज घालवलं. त्याने सगळ्यांना आग्रहाने आणखी एकेक जिलेबी वाढली. आमच्या ताटांतली साखरही त्याच्याच उसाची असणार, पण तेवढी आठवण करून देण्याइतका तो निर्दय नव्हता.

मुलीची पाठवणी झाल्यावर आम्ही दोघे पार्किंगमध्ये आलो. तिथे दादाची नवी गाडी उभी होती, पांढरी, उंच, टपावर दिवे आणि मागच्या काचेवर कारखान्याचं नाव. मी तिच्याभोवती एक चक्कर मारली. इंधनाच्या झाकणाशी थांबलो.

"दादा, ही डिझेलची?"

"मग? उसाच्या रानात पेट्रोलची गाडी कोण घालतंय!"

"म्हणजे तुझ्या टाकीत इथेनॉलचा थेंब नाही."

"ट्रॅक्टरबी डिझेलचाच," दादा शांतपणे म्हणाला. "आम्ही पिकवायचं. तुम्ही जाळायचं."

मग मी त्याला सांगितलं की डिझेलमध्येही आयसोब्युटेनॉल मिसळण्याची शक्यता एआरएआयमध्ये तपासली जात आहे, असं खुद्द नितीन गडकरी म्हणाले आहेत. तेही उसापासून करता येतं म्हणतात.

दादाने बॉनेटवरची अक्षत बोटाने झटकली. "त्यात घाई करायची न्हाई म्हणावं," तो म्हणाला. "इंजिनाचा मामला हाय. आधी चार-पाच वर्सं नीट टेस्टिंग करा."

"कुठे?"

"पुण्यातच करा की. तिथल्या गाड्यांना आता सवं झालीय."